सघन लागवड म्हणजे सघन शेती नव्हे

जूनच्या तोंडावर हिंगण्याच्या एका कृषी केंद्रात कपाशीच्या बियाण्यासाठी रांग लागली होती. पुढचे काका म्हणाले, "सघन कापूस लावा म्हनते. पन सघन शेतीनं तिकडं युरोपात पानी नासलं म्हनते ना भाऊ, मंग आपन कायले लावाव?" शब्द एकच, म्हणून गल्लत होणारच. पण तिच्यापायी नको ती भीती बसते आणि खरी नजरेआड होते.

सघन लागवड हा अंतराचा हिशेब आहे. 4 बाय 2 फुटांवर एकरात साडेपाच हजारांच्या आत झाडं बसतात. दोन ओळींत 90 सेंटीमीटर आणि दोन झाडांत 15, म्हणजे वीतभरही नाही, असं धरलं की हीच संख्या 30 हजारांच्या घरात जाते. नागपूरला वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था हलक्या, कोरडवाहू जमिनीसाठी ही पद्धत सांगते. अशा रानात झाड मोठं होतच नाही. मग एकाच झाडाकडून 50 बोंडांची आस धरण्यापेक्षा झाडामागे आठ-दहाच घ्यायची, पण लवकर घ्यायची. वेचणी वेळेत आटोपली की गुलाबी बोंडअळीला उशिराची बोंडं मिळत नाहीत.

सघन शेती हा जमिनीत काय आणि किती ओततो त्याचा हिशेब आहे: खत, पाणी, औषध, पशुखाद्य. नेदरलँड्ससारख्या चिमुकल्या देशात एक कोटीच्या आसपास डुकरं आहेत, गाई वेगळ्याच. त्यांच्या मलमूत्रातला अमोनिया, म्हणजे नत्राचाच वायू, हवेतून माळरानावर उतरतो, तिथली झुडपं मागं हटतात आणि गवत माजतं. 2019 मध्ये तिथल्या न्यायालयानं नत्राबद्दलचं सरकारी धोरण रद्द केलं आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये उतरले. मध्य आशियातला अरल समुद्र तर मुख्यतः कापसापायी आटला. 1960 पासून त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कालव्यांत वळवलं गेलं. कपाशी दाट होती की विरळ, याचा तिथं संबंधच नव्हता.

आणि विरळ म्हणजे निर्धोक, असंही नाही. ब्राझीलमध्ये तर हेक्टरी जेमतेम एखादं जनावर चरतं, तरी ॲमेझॉनचं जंगल सर्वांत जास्त कुरणांसाठीच तुटतं.

आपल्याकडे धोका कुठं आहे? बियाणं कितीतरी जास्त लागतं, वाढ आवरायला मेपिक्वाट क्लोराईड फवारावं लागतं. त्यात झाडं पाचपट म्हणून युरियाही पाचपट टाकला, तर तीच सघन शेती झाली. आणि दाट पिकात फवारणाऱ्याच्या अंगावर औषध जास्त येतं, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20च्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले.

काकांनी खिशातून माती परीक्षणाचा घडी घातलेला कागद काढला. त्यांना म्हटलं, खत यातल्या आकड्यावरून एकराला मोजा, झाडाला नाही.