तुकड्यातुकड्यांचा विषाणू

रोगट तंबाखूच्या पानांचा रस जिवाणू अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला, तरी त्याची रोग लावण्याची ताकद जात नाही, हे दिमित्री इव्हानोव्स्की यांनी १८९२ साली दाखवलं. विषाणूंचा शोध हा असा एका झाडाच्या दुखण्यातून लागला. १९३५ मध्ये वेन्डेल स्टॅन्ली यांनी हाच तंबाखू मोझॅक विषाणू स्फटिकरूपात वेगळा केला आणि तो निव्वळ प्रथिन आहे असं जाहीर केलं. पुढे त्यांना नोबेलही मिळालं, पण त्यांचं विश्लेषण अपुरं होतं. त्या प्रथिनात थोडा आरएनए, म्हणजे डीएनएच्या जातकुळीतला धाग्यासारखा लांब रेणू, होता, वजनाच्या जेमतेम ५-६ टक्के. फ्रेडरिक बॉडेन आणि नॉर्मन पिरी यांना तो पुढच्याच वर्षी सापडला. खरी मेख त्या ५-६ टक्क्यांतच होती.

या विषाणूची बांधणी मला आजही थक्क करते. ३०० नॅनोमीटर लांब, १८ नॅनोमीटर जाड अशी ही पोकळ दांडी. तिच्यात एकाच प्रकारच्या प्रथिनाचे सुमारे २१३० रेणू मळसूत्रासारखे रचलेले असतात. रोझलिंड फ्रँकलिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवलं, की आरएनएचा धागा मधल्या पोकळीत लोंबकळत नसतो, तो या प्रथिनांच्याच रांगेत रुतलेला असतो. प्रत्येक प्रथिन धाग्यावरची तीन अक्षरं, म्हणजे तीन न्यूक्लिओटाइड, धरून बसतं. आता २१३० ला तीनने गुणा: जवळजवळ ६४०० होतात, आणि आरएनएची लांबीही तेवढीच आहे. दांडी किती लांब व्हायची, हे धागाच ठरवतो.

एकच प्रथिन हजारो वेळा वापरायचं, यात काटकसर आहे. एवढ्याशा जनुकसंचात शंभर तऱ्हेच्या विटांचे साचे मावणार कुठे? ६४०० अक्षरांत या विषाणूचा सगळा संसार चालतो: आरएनएच्या प्रती काढणारी दोन प्रथिनं, एक आवरणाचं आणि एक प्रवासाचं. गंमत म्हणजे, प्रती काढणारं दुसरं प्रथिन हे पहिल्याचंच लांबवलेलं रूप असतं. वाचन जिथे थांबायला हवं, तिथे ते कधीकधी थांबत नाही आणि पुढचा मजकूरही वाचला जातो.

प्रवासाचं प्रथिन ही वनस्पतींच्या विषाणूंची खास गरज. झाडाच्या पेशीभोवती जाड भिंत असते. बाहेरून शिरायला जखम तरी लागते, नाहीतर मावा, पांढरी माशी, तुडतुडे असे कीटक. एकदा आत गेल्यावर मात्र पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा, म्हणजे प्लाझ्मोडेस्माटा, हाताशी असतात. प्रवासाचं प्रथिन त्या वाटा विषाणूपुरत्या मोकळ्या करतं.

१९५६ मध्ये जर्मनीत अल्फ्रेड गीरर आणि गेरहार्ड श्राम यांनी प्रथिन काढून टाकून नुसता आरएनए पानांवर चोळला. पानं आजारी पडली. आनुवंशिक मजकूर आरएनएतही असू शकतो, याचा हा थेट पुरावा होता.

वनस्पतींच्या बहुतेक विषाणूंमध्ये असाच एकपदरी आरएनए असतो आणि पेशीची यंत्रणा तो बहुधा थेट वाचते. अपवादही आहेत. फ्लॉवरच्या मोझॅक विषाणूत दुपदरी डीएनए असतो, पण त्याची नवी प्रत आरएनएच्या आडवळणाने तयार होते. जेमिनी विषाणूंत एकपदरी, वर्तुळाकार डीएनए असतो आणि त्यांचे कण जुळ्यांसारखे दोन-दोन चिकटलेले दिसतात.

पण सर्वांत विचित्र आहेत ते जनुकसंचाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या कणांत भरणारे विषाणू. ब्रोम गवतावरच्या मोझॅक विषाणूचे आरएनए तीन प्रकारच्या कणांत विभागलेले असतात. त्यातला एक प्रकार पोहोचलाच नाही, तर पूर्ण संसर्ग होत नाही. बाकला शेंगेवरच्या एका विषाणूने तर कहर केला आहे. त्याच्या डीएनएचे आठ तुकडे आठ स्वतंत्र कणांत असतात. हा जुगार त्याला परवडतो कसा? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एक उत्तर मिळालं. हे तुकडे एकाच पेशीत जमावेच लागतात असं नाही. प्रती काढायला लागणारं प्रथिन ज्या पेशींत सापडलं, त्यांतल्या अनेक पेशींत त्या प्रथिनाचं जनुक नव्हतंच. ते प्रथिन शेजारच्या पेशींतून आलं असावं.