मेमरी कार्डवर डिस्क इमेज लिहिणे

डिस्क इमेज म्हणजे संपूर्ण डिस्कची सेक्टरवार नक्कल: पार्टिशन तक्ता (डिस्कचे भाग कुठून कुठे आहेत याची नोंद), फाइल सिस्टिम, सगळे एकाच फाइलमध्ये. ती जशीच्या तशी कार्डवर उतरवणे म्हणजे इमेज लिहिणे. एसडी कार्डवरून सुरू होणारा छोटा संगणक, रास्पबेरी पाय, २०१२ मध्ये आला आणि हे काम हौशी मंडळींच्याही हातचे झाले.

इमेजची फाइल नुसती कार्डवर कॉपी केली तर यंत्र सुरू होत नाही, कारण कार्डाचा पार्टिशन तक्ता जुनाच राहतो. त्यासाठी रास्पबेरी पाय इमेजर, बलेना एचर किंवा लिनक्सवरची 'डीडी' आज्ञा वापरतात. इमेज पार्टिशनवर नव्हे, अख्ख्या कार्डवर लिहायची असते. लिनक्समध्ये कार्डाला 'एसडीबी' असे नाव मिळाले, तर त्याचे पहिले पार्टिशन 'एसडीबी१' असते; म्हणजे 'एसडीबी१' नव्हे, 'एसडीबी'. डीडी कसलीही खातरजमा करत नाही. अक्षर चुकले तर लॅपटॉपची डिस्कही मुकाट पुसते, म्हणून आधी डिस्कची यादी दाखवणारी 'एलएसबीएलके' आज्ञा चालवून कार्डाचे नाव आणि आकार बघावा.

'जागा शिल्लक नाही' ही तक्रार फसवी असते. कधी कार्ड खरेच लहान पडते. १६ जीबी छापलेली दोन कंपन्यांची कार्डे काही एमबीने कमी-जास्त भरतात. पण कार्ड नीट बसलेले नसताना डीडी चालवली, तर लिनक्स जिथे उपकरणांची नावे ठेवते त्या 'डेव्ह' फोल्डरात त्याच नावाची साधी फाइल तयार होते, ती रॅममध्ये फुगत जाते आणि शेवटी हाच संदेश येतो. कार्ड मात्र कोरेच! ती फाइल पुसून कार्ड पुन्हा बसवावे लागते.

लिहून झाल्यावर विंडोज 'डिस्क फॉरमॅट करायची का?' असे विचारते. ते नाकारावे; लिनक्सचे ईएक्सटी४ पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही, एवढेच. घाईने 'हो' म्हटले की मेहनत पाण्यात.

रास्पबेरी पायचा हिरवा दिवा सात वेळा लुकलुकला तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सापडलेला नाही. लिखाण अर्धवट राहिले असेल, किंवा डाउनलोडच सदोष असेल. एसएचए-२५६ बेरीज (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) संकेतस्थळावरच्या बेरजेशी जुळवली की दुसरी शंका फिटते. 'सिंक' न करता, म्हणजे रॅममध्ये थांबलेला मजकूर कार्डवर उतरू न देता, कार्ड उपसणे हेही नेहमीचे कारण.

'फक्त वाचता येते' असे दिसल्यास अडॅप्टरच्या कडेची कुलूपपट्टी तपासावी. ती उघडी असूनही पुसलेला मजकूर परत दिसत असेल, तर बहुधा कार्डाचे आयुष्य संपले आहे. बनावट कार्डे वेगळी: ती जास्त क्षमता सांगतात आणि खऱ्या क्षमतेपलीकडचा मजकूर गमावतात. 'एफ३' किंवा 'एच२टेस्टडब्ल्यू' हे तपासणीचे सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून परत वाचते, तेव्हा ती पकडली जातात.