‘ब्लू लाईनच्या बाहेर आहे’: मुठाकाठचे फ्लॅट आणि एजंटांचे उत्तर

पुण्यात सिंहगड रस्त्यावर फ्लॅट बघायला आलेला माणूस आता एजंटाला आधी पुराचे विचारतो. 25 जुलै 2024 च्या पहाटे तिथल्या एकतानगरीत मुठा नदी शिरली, तेव्हापासूनची ही सवय. तोवर चौकशी टायटल, पार्किंग आणि मेंटेनन्सची असे. नदी जाहिरातीत ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून यायची आणि दर चढवून जायची.

यावर एजंटांचे उत्तर ठरलेले असते: ब्लू लाईनच्या, म्हणजे निळ्या पूररेषेच्या, बाहेर आहे. बहुतेकदा ते खरेही असते. घोळ त्या रेषेतच आहे.

1961 चे पानशेत पुण्याला आठवते ते धरणफुटी म्हणून. पूररेषांचे नियम राज्यात आले ते बरेच पुढे, 1989 च्या परिपत्रकाने. 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची रेषा निळी, 100 वर्षांतून एकदा येईल त्याची लाल. पात्र आणि निळी रेषा यांच्यात बांधकामाला बंदी, निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत अट आहे ती लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर उंचीची. म्हणजे राहती घरे कोरडी राहतात. खालच्या गाड्या, मीटर बॉक्स आणि लिफ्टचा खड्डा यांचे काय, हे ज्याचे त्याने बघावे.

मुठेची निळी रेषा साधारण 60 हजार क्युसेकची (सेकंदाला तितके घनफूट पाणी) आणि लाल एक लाखाची धरली जाते. जुलै 2024 मध्ये खडकवासला धरणातून सुटले 35 हजारांच्या आसपास, तरी घरांत पाणी आले. अधिकाऱ्यांनी बोट दाखवले धरणाखालच्या पाणलोटातून आलेल्या पाण्याकडे. ते खोटे नाही. पण पात्रात वर्षानुवर्षे पडलेला राडारोडा आणि भराव याबद्दल तितक्या मोकळेपणाने कोणी बोलले नाही. नदीची वहनक्षमता घटली, की नकाशावर रेषा जागेवर राहते आणि पाणी तिच्यापुढे जाते. शिवाय रेषा नेमकी कुठून जाते यावरही पुण्यात एकमत नाही. आधीचे नकाशे आणि 2017 चा विकास आराखडा यांतली तफावत पर्यावरण कार्यकर्त्यांनी कोर्टापर्यंत नेली. अशा वेळी एजंट सोयीचा नकाशा दाखवतो. त्यात त्याला दोष किती द्यायचा? नकाशा अधिकृतच असतो.

एजंटांवर कायद्याची नजर 2017 पासून पडली. रेरा हा स्थावर मालमत्ता कायदा लागू झाल्यावर त्यांना नोंदणी घ्यावी लागली, कलम 10 ने दिशाभूल करणारी विधाने निषिद्ध झाली, आणि 2023 मध्ये राज्यात प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची करण्याचा निर्णय झाला. मात्र हे सारे बिल्डर विकत असलेल्या प्रकल्पांपुरते. रिसेल, म्हणजे जुन्या फ्लॅटची फेरविक्री, त्यात येत नाही, आणि नदीकाठच्या जुन्या सोसायट्यांतले जवळपास सगळे व्यवहार रिसेलचेच. विकणारा म्हणतो, ‘पुराचे काढू नका’, आणि कमिशन दोन्हीकडून मिळणार असते.

आता याच सोसायट्या पुनर्विकासाच्या गोष्टी करत आहेत. निळ्या रेषेच्या आतल्या अधिकृत इमारतींनाही नियमावलीने, जलसंपदा खात्याचा ना हरकत दाखला मिळाला तर, तीच 0.45 मीटरची वाट ठेवली आहे. नव्या इमारतीतले विक्रीचे फ्लॅट मग रेराच्या कक्षेत येतील.