‘कायमची घट’: लेझरने केस काढण्यामागचा एक शब्द

विजेच्या सुईने एकेक केस जाळण्याची पद्धत १८७५ पासूनची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्ष-किरणांनीही केस घालवले जात, आणि त्याची किंमत अनेक स्त्रियांनी पुढे त्वचेच्या कर्करोगाने मोजली. आजच्या लेझर पद्धतीचा पाया मात्र १९८३ मध्ये मांडलेल्या एका तत्त्वात आहे: ज्या रंगाला लक्ष्य करायचे त्यातच शोषली जाईल अशी तरंगलांबी निवडायची आणि झोत इतका क्षणिक ठेवायचा की उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत काम उरकेल. केसाच्या बाबतीत हा रंग म्हणजे मेलॅनिन. म्हणूनच पांढऱ्या केसावर लेझर चालत नाही.

पहिल्या यंत्राला अमेरिकेत १९९५ मध्ये परवानगी मिळाली. त्यात त्वचेवर कार्बनचे काळे मिश्रण चोळून त्यावर लेझर मारत. केस जात, पण काही महिन्यांत परत येत. त्याच सुमारास माणिक (रुबी) लेझरचा प्रयोग १३ जणांवर झाला. दोन वर्षांनी त्यांतल्या सात जणांची तपासणी झाली, तेव्हा चौघांचे केस स्पष्टपणे कमी राहिलेले दिसले. इथून ‘कायमचे’ हा शब्द चिकटला.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या नियामकांनी उत्पादकांना दावा करू दिला तो ‘कायमच्या घटीचा’. व्याख्या अशी की उपचारांनंतर परत उगवणाऱ्या केसांची संख्या कमी होऊन ती केसाच्या एका पूर्ण वाढचक्राहून अधिक काळ स्थिर राहिली पाहिजे. हे चक्र शरीराच्या भागानुसार चार ते बारा महिन्यांचे धरले आहे. सगळे केस जातील, असे ही व्याख्या कुठेही म्हणत नाही. माझ्या मते व्याख्या प्रामाणिक आहे. जाहिरातींनी मात्र तिच्यातले ‘कायमचे’ ठेवले आणि ‘घट’ गाळले. मराठीत त्यात आणखी एका शब्दाची भर पडते, ‘मुळापासून’. केस मुळापासून तर वॅक्सिंगनेही निघतो. खरा प्रश्न नवा केस घडवणारी यंत्रणा उरते का, हा आहे. नवा केस घडवणाऱ्या मूळपेशी (स्टेम सेल) केशमुळाच्या बाजूच्या फुगवट्यात असतात आणि तिथे फारसा रंग नसतो. काळ्या केसाने शोषलेली उष्णता तिथवर झिरपावी लागते. नंतरच्या यंत्रांत झोताचा कालावधी वाढवला गेला, तो यासाठीच.

शिवाय ‘कायमचे’ हे फार तर नष्ट झालेल्या केशमुळाला लागू पडते, हनुवटीला किंवा पायाला नाही. संप्रेरके बदलली की आज बारीक लव असलेली मुळे उद्या जाड केस देऊ लागतात. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांचे संतुलन बिघडवणारा बीजांडकोशांचा विकार, असलेल्या स्त्रीला हे आधीच सांगायला हवे. न सांगता तिच्याकडून पैसे घेणे मला चुकीचे वाटते.

सावळ्या त्वचेची कहाणी उशिरा सुरू होते. माणिक लेझरची ६९४ नॅनोमीटर तरंगलांबी त्वचेच्या वरच्या थरातले मेलॅनिनही भरपूर शोषते, त्यामुळे भाजणे आणि डाग पडणे ठरलेले. पुढे ७५५ चा अॅलेक्झांड्राइट आणि ८०० च्या आसपासचा डायोड आला. गडद त्वचेला सर्वांत सुरक्षित मानला जातो तो १०६४ चा एनडी-याग. यंत्रांना त्वचा थंड ठेवणारी टोकेही आली. आयपीएल हा अनेक तरंगलांब्यांचा प्रकाशझोत आहे, लेझर नाही, तरी अनेकदा तो त्याच नावाने विकला जातो.

आजच्या बहुतेक सूचना याच इतिहासातून आल्या आहेत. झोताचा परिणाम मुख्यतः वाढीच्या अवस्थेतल्या केसावर होतो, म्हणून चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका. मुळात केस असावा लागतो, म्हणून आधीचे काही आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग बंद. दाढीसारखा वस्तरा चालतो. उन्हाने काळवंडलेल्या त्वचेवर झोत घेऊ नये. झोत बसताना रबर बँड फटकन बसल्यासारखे वाटते, मुळांभोवती लालसर फुगवटे येतात आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतात. पुढचे एक ते तीन आठवडे केस वाढल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात ते गळून पडत असतात. नंतर काहींना अधूनमधून एखादी बैठक लागते. आणि क्वचित, विशेषतः चेहरा व मानेवरच्या बारीक केसांत, उलट वाढही होते. तसे दिसले तर पुढची बैठक घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.