कार्षापण म्हणजे नक्की किती? चांदीच्या जुन्या नाण्यांच्या वजनामागची गोष्ट

जुनं चांदीचं नाणं दिसलं की पहिला प्रश्न येतो कुठल्या राजाचं, पण माझं मत विचाराल तर आधी ते काट्यावर ठेवा. आपल्याकडची सगळ्यात जुनी चांदीची नाणी, म्हणजे ठसे ठोकून केलेली आहत नाणी, ज्यांना लोक कार्षापण म्हणायचे, त्यांच्यावर राजाचं नावच नसतं, सूर्य, सहा आऱ्यांचं चक्र, डोंगर, बैल, हत्ती असे ठसे वेगवेगळे ठोकलेले असतात आणि बस्स. मग ते नाणं काय किमतीचं हे ठरायचं कशावरून, तर वजनावरून आणि चांदीच्या कसावरून.

आहत हा शब्दही जुना आहे बरं का. पाणिनीच्या एका सूत्रात ठोकून रूप उठवलेल्या वस्तूसाठी 'रूप्य' हा शब्द सिद्ध केलाय, आणि आपला रुपया याच घरातला. शतमान या मापाचं नावही पाणिनीकडे येतं. शंभर मानांचं ते शतमान, आणि मान म्हणजे गुंज.

इथे गुंजेवर थांबायलाच हवं कारण सगळा हिशोब तिच्यावर उभा आहे. लाल रंगाची, एका टोकाला काळा ठिपका असलेली बी, संस्कृतात रक्तिका किंवा कृष्णल, हिंदीत रत्ती. एका गुंजेचं वजन धरतात साधारण ०.११ ते ०.१२ ग्रॅम, बी आहे त्यामुळे थोडं कमीजास्त होणारच. आहत नाण्याचं ठरीव वजन ३२ गुंजा, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास. ३२ च का, तर मला यातलं सगळ्यात सुंदर लॉजिक अर्ध्याचं वाटतं, ३२ चे १६, १६ चे ८, मग ४, मग २, कुठेही अपूर्णांक येत नाही आणि साध्या तराजूवर फक्त दोन पारडी सारखी करत गेलं की काम होतं. सिंधू संस्कृतीच्या दगडी वजनांतही अशीच दुपटीची साखळी आहे आणि तिथलं एक माप १३.६ ग्रॅमच्या आसपास येतं, त्याचा चौथा हिस्सा केला की ३.४ ग्रॅम! अर्थात मध्ये हजारभर वर्षांचं अंतर आहे त्यामुळे थेट वारसा म्हणायला मी धजत नाही, पण अर्धं करत जाण्याची सवय तीच आहे एवढं नक्की.

आता खरा गोंधळ. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात मापं दिलीत, त्यात सोन्याचा माष ५ गुंजांचा आणि चांदीचा माष फक्त २ गुंजांचा, १६ माष झाले की सोन्याचा सुवर्ण होतो म्हणजे ८० गुंजा, आणि चांदीचं 'धरण' किंवा 'पुराण' होतं म्हणजे ३२ गुंजा. आणि कार्षापण? तो तिथे तांब्याचा आहे! कर्ष हे वजनच ८० गुंजांचं. तरी चांदीच्या ३२ गुंजांच्या नाण्याला लोक कार्षापणच म्हणत आले, पाली भाषेत कहापण. म्हणजे नाव एका वजनाचं आणि नाणं दुसऱ्याच वजनाचं, आणि ही तर फक्त सुरुवात आहे.

वायव्येला, गांधारात, वेगळंच चालू होतं. तिथे चांदीच्या वाकवलेल्या पट्ट्या चालायच्या, ११ ग्रॅमच्या जरा वर, दोन्ही टोकांना ठसा. बरेच अभ्यासक यांना शतमान म्हणतात, १०० गुंजा. पण हा भाग तेव्हा इराणच्या हखामनी साम्राज्याला लागून, काही काळ त्यातच, आणि त्यांचं चांदीचं नाणं सिग्लोस साधारण साडेपाच ग्रॅमचं, दोन सिग्लोस म्हणजे ११ ग्रॅम. त्यामुळे ही पट्टी गुंजांनी मोजायची की सिग्लोसने यावर वाद आहे आणि मला दोन्ही बाजूंत दम वाटतो, सीमेवरचा व्यापारी दोन्ही मोजमापात बसेल असंच नाणं पसंत करणार ना.

कौटिल्य अर्थशास्त्रात टांकसाळीची रेसिपीच आहे. १६ भागांत ४ भाग तांबं, १ भाग लोखंड, कथील, शिसं किंवा अंजन यातलं काहीतरी, उरलेली चांदी, आणि 'पण', 'अर्धपण', 'पाद', 'अष्टभाग' अशी उतरती नाणी. परत तेच अर्ध्याचं गणित.

पण सापडलेली नाणी नेमकी ३२ गुंजा भरत नाहीत, बरीच कमी भरतात, आणि इथे दामोदर धर्मानंद कोसंबींचं काम मला फार मोलाचं वाटतं. ते गणितज्ञ. १९२४ मध्ये तक्षशिलेच्या भीर टेकाडात हजाराहून जास्त आहत नाण्यांचा साठा सापडला होता, त्यात अलेक्झांडरची नाणीही होती त्यामुळे काळाचा अंदाज पक्का. कोसंबींनी नाणी वजन करकरून संख्याशास्त्र लावलं आणि दाखवलं की मागच्या बाजूला बारीक ठसे जितके जास्त तितकं नाणं हलकं, म्हणजे ते जास्त वर्षं हातोहात फिरून झिजलंय आणि मधून मधून कोणीतरी तपासून ठसा मारलाय. एकेका नाण्याचं वजन बघून फसायला होतं, ढिगाचं वजन बघितलं की इतिहास कळतो.

मग ग्रीक आले. त्यांचं चांदीचं नाणं द्राख्मा, अथेन्सच्या मापाचा ४.३ ग्रॅमचा, चार द्राख्मांचं मोठं नाणं १७.२ ग्रॅमचं, आणि हिंदुकुशच्या उत्तरेला ग्रीक राजे हेच पाडत राहिले. दक्षिणेला आल्यावर मात्र बदल, अपोलोडोटस पहिला याने चौकोनी नाणं काढलं, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला बैल, ग्रीक आणि खरोष्ठी दोन्ही लिप्या, आणि द्राख्मा हलका, २.४५ ग्रॅमचा.

हा हलका द्राख्माच पुढे पश्चिम भारतात क्षत्रपांच्या, म्हणजे तिथल्या शक राजांच्या, चांदीच्या नाण्यांचा आधार झाला, दोन-सव्वादोन ग्रॅमची छोटी नाणी. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यातल्या लेखात दानाचा हिशोब देतो, ७०,००० कार्षापण, ३५ ला एक सुवर्ण या दराने २,००० सुवर्ण. बघा, नाणं ग्रीक घराण्यातलं, वजन उतरलेलं, आणि नाव अजून कार्षापणच! १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाची १३,००० च्या वर नाणी सापडली, त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला. वितळवायची गरजच नव्हती, वजन चालतंय तर चेहरा बदला. पुढे सातवाहनांनी आणि इसवी सन ४०० च्या सुमाराला क्षत्रपांचं राज्य घेतल्यावर गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसऱ्यानेही चांदीचं नाणं याच आकाराचं ठेवलं.

आणि द्राख्मा? त्याचा संस्कृतात द्रम्म झाला, कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत तो भेटतो, मग त्याचा दाम झाला, आणि मराठीत येईपर्यंत त्यातली चांदी पण गेली आणि वजन पण, आता दाम म्हणजे नुसती किंमत, आणि खिशात छदामही नाही असं आपण म्हणतो तेव्हा अथेन्सचं ते ४.३ ग्रॅमचं नाणं कोणाच्या ध्यानीमनीही नसतं.