आमवाताच्या पेशंटचा खुबा का मोडतो?

न्हाणीत पाय घसरला आणि आजीचा खुबा मोडला, असं लातूर-परभणीकडे सहज सांगतात. दोष जातो ओल्या फरशीला. पण आजीला कैक वर्षांचा आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असेल, तर हाड आधीच पोखरलेलं असण्याची शक्यता मोठी. अशा रुग्णांत खुबा मोडण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो.

आमवातात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. एरवी ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड खातात आणि ऑस्टिओब्लास्ट नवं रचतात. दाहात तयार होणारी टीएनएफ, इंटरल्युकिन-६ ही रसायनं रँक-एल नावाचं प्रथिन वाढवतात, त्याने खाणाऱ्या पेशी बळावतात. सुजलेली दिसतात बोटं, पण ही रसायनं रक्तावाटे खुब्यापर्यंतही जातात.

त्यात भर स्टेरॉइडची. प्रेडनिसोलोनने सूज झपाट्याने उतरते, म्हणून गोळी सुटत नाही. पण या गोळीने हाडही झिजतं, आणि ही झीज सगळ्यात वेगाने होते ती गोळी सुरू केल्यावर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. डॉक्टरची गोळी निदान चिठ्ठीवर तरी असते. वातावरच्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय, ते खाणाऱ्याला कळतही नाही. मात्र घाबरून गोळी एकदम बंद करू नये. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड मंदावलेलं असतं, रक्तदाब कोसळू शकतो.

बीडकडे आणखी एक पदर आहे. ऊसतोड बायकांची गर्भपिशवी ऐन तारुण्यात काढण्याचे प्रकार इतके झाले, की २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशयही गेले, तर हाड राखणारं इस्ट्रोजेन एकदम घटतं. अशा बाईला आमवात जडला, तर हाडाची काळजी साठीपर्यंत लांबवून चालत नाही.

तपासणी डेक्सा स्कॅनची, म्हणजे हाडाची घनता मोजणाऱ्या एक्स-रेची. तरुण, निरोगी हाडाशी तुलना करून त्यात टी-स्कोअर हा आकडा मिळतो; तो उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ. पण स्टेरॉइड घेणाऱ्यांचं हाड त्याआधीही मोडतं, म्हणून फ्रॅक्स या धोकामापन पद्धतीत आमवात आणि स्टेरॉइड वेगवेगळे मोजतात. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाने आमवात आटोक्यात ठेवणं हेही हाडाचंच संरक्षण. शिवाय हाडाची झीज रोखणारं अ‍ॅलेन्ड्रोनेट आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते.

एवढं करूनही खुबा मोडलाच, तर मालीश-पट्ट्यांत दिवस घालवू नयेत. शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी. रॉड बसतो, टाके निघतात, पण ठिसूळ हाडावरचं औषध बऱ्याचदा सुरूच होत नाही. डिस्चार्जच्या कागदावर ते दिसलं नाही, तर तिथेच विचारावं.