खिडकीतला सूर्यपक्षी आणि काचेचे आठ टक्के

जास्वंदीच्या कुंडीवर जांभळा सूर्यपक्षी, म्हणजे आपला शिंजीर, येऊन बसतो. अंतर दोन मीटर, कॅमेरा चांगला, हात स्थिर. तरी फोटोत तो राखाडी आणि दुधाळ दिसतो. त्याच खिडकीतून काढलेला होल्याचा फोटो मात्र स्वच्छ येतो. अशा वेळी दोष लेन्सला दिला जातो. खरी गडबड असते काचेची आणि आपल्या पाठीमागच्या खोलीची.

साध्या काचेचा एकेक पृष्ठभाग त्याच्यावर सरळ पडणाऱ्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के परत फेकतो. काचेला दोन बाजू, म्हणजे ८ टक्के. आता हिशोब करा. बाहेर सावलीत २,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड आहे आणि सूर्यपक्ष्याची काळी पिसं त्यातला ५ टक्के परत पाठवतात असं धरू, म्हणजे १०० भाग. खोलीत ट्यूबलाइट लावून २०० लक्स उजेड केला आणि अंगात पांढरा शर्ट असला, तर शर्टावरून १६० भाग निघतात. त्यातले ८ टक्के, म्हणजे १३ भाग, काचेवरून थेट लेन्समध्ये येतात. काळ्या पक्ष्यावर १३ टक्के पांढरा थर चढला. होल्याची फिकट पिसं ३० टक्के प्रकाश परत देत असतील, तर हाच थर त्याच्यावर जेमतेम २ टक्के. म्हणून काळे पक्षी बिघडतात आणि फिकट निभावून जातात.

उपाय फुकटात होतो. दिवे बंद करा, समोरच्या भिंतीतली दुसरी खिडकी पडद्याने झाका, गडद कपडे घाला आणि कॅमेऱ्याच्या मागे काळी चादर टांगा. लेन्स काचेला टेकवता येत असेल तर भोवती काळं कापड गुंडाळा, प्रतिबिंब उरतच नाही. मोबाइलला हेच लागू: तो काचेला सपाट चिकटवून धरा. अंधाऱ्या खोलीचा दुसरा फायदा म्हणजे पक्ष्याला आत बसलेला माणूस फारसा दिसत नाही. हालचाल मात्र जाणवते, म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर आधीच लावून ठेवा.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, घेण्याची घाई करू नका. काचेच्या प्रतिबिंबावर तो सर्वात प्रभावी ठरतो ते काचेच्या लंबरेषेशी सुमारे ५६ अंशांचा कोन झाला तर. पण एवढं तिरकं पाहिलं की काचेतून दुहेरी, मऊ प्रतिमा येऊ लागते. सरळ समोरून त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, आणि दीड-दोन स्टॉप प्रकाश मात्र तो खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणं). लेन्स काचेशी काटकोनात ठेवणं हेच बरं. स्लायडिंगची दोन तावदानं एकमेकांवर येतात त्या भागातून फोटो काढू नका, आणि डासांची जाळी सरकवून ठेवा. फ्लॅश काचेवरून उलटतो. तो बंदच ठेवा. सोसायटीची खिडकी पूर्ण उघडता येत असेल तर सगळ्यात उत्तम: तिथे गडद पडदा टांगून त्यातल्या भोकातून लेन्स बाहेर काढा.

बसायची फांदी कुठे लावायची, याबाबत दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. ७०-३०० मिमीची झूम लेन्स साधारण सव्वा ते दीड मीटरच्या आत फोकस करत नाही, १५०-६०० जातीच्या लेन्सना अडीच मीटरच्या आसपास लागतात. म्हणून फांदी लांब सरकवण्याचा मोह होतो. पण काचेपासून काही मीटरवरून उडालेला पक्षी तिच्यातलं आकाश खरं समजून पूर्ण वेगाने धडकतो. एकट्या अमेरिकेत इमारतींवर आपटून वर्षाला साधारण साडेछत्तीस कोटी ते ९९ कोटी पक्षी मरतात, असा २०१४ सालचा अंदाज आहे. फांदी काचेपासून एक मीटरच्या आत असली की पक्ष्याला तेवढा वेगच मिळत नाही. तेव्हा फांदी जवळ ठेवा आणि कॅमेराच खोलीत मागे न्या. काळी चादर लागते ती इथेच. शिवाय काचेच्या बाहेरच्या बाजूने दर ५ सेंटिमीटरवर ठिपके चिकटवा, फोटोसाठी फक्त लेन्सपुरती जागा मोकळी सोडा. आतून चिकटवलेले ठिपके बाहेरच्या प्रतिबिंबाखाली झाकले जातात.

दोन मीटरवरून, ३०० मिमी लेन्स, एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर आणि एफ/८ छिद्र असताना पुढून मागे फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम सव्वा सेंटिमीटर असतो. पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत १० सेंटिमीटर. म्हणजे तो आडवा बसला तरच सगळा स्पष्ट येईल. त्यासाठी फांदी काचेला समांतर बांधा. काचेकडे टोक करून बांधलेल्या फांदीवर एक तर डोळा स्पष्ट येतो, नाही तर शेपटी. फोकस डोळ्यावर. शटर बुलबुलासाठी १/५०० सेकंद पुरतो, सूर्यपक्ष्याला १/१००० ते १/२००० हवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८०० ते ३२०० खुशाल जाऊ द्या. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. मागे आकाश असेल तर एक ते दीड स्टॉप जास्त एक्स्पोजर द्या, नाहीतर नुसती सावली उमटते.

सूर्यपक्ष्याची निळी-जांभळी झळाळी रंगद्रव्याची नसते. पिसांतल्या मेलॅनिनच्या सूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून ती तयार होते, आणि कोन बदलला की रंग विझतो. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी सूर्य समोरून येतो, त्यामुळे पक्षी काळा ठिक्कर दिसतो. तिथे दुपारनंतर, पक्षी इमारतीच्या सावलीत आणि वर मोकळं आकाश असताना प्रयत्न करा. उत्तरेची खिडकी थंडीत दिवसभर मऊ, एकसारखा उजेड देते. एखाद्या दिवशी झळाळी कुठल्याच कोनातून दिसली नाही, तर नर विणीच्या हंगामाबाहेरच्या पिसाऱ्यात असू शकतो: पिवळट पोट आणि गळ्यावरून खाली उतरणारा एक काळा पट्टा.

पक्षी यावेत म्हणून दाणे टाकलेत तर पारवे येतील आणि बाकी सगळ्यांना हुसकून लावतील. जास्वंद, अबोली, एक्झोरा लावा. मातीच्या पसरट परळात तीन-चार सेंटिमीटर पाणी ठेवा, रोज बदला, दोन दिवसांनी काथ्याने घासा. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डास तयार होतात. साखरपाण्याची बाटली टांगू नका, उन्हात ते आंबतं.

कुंडीत शिंपी पक्ष्याचं किंवा वायरीला लोंबतं सूर्यपक्ष्याचं घरटं दिसलं, तर त्या खिडकीतलं छायाचित्रण पिल्लं उडेपर्यंत थांबवा. घरट्यावरची पानं बाजूला केली तर फोटो मिळतो, पण पिल्लं उन्हात उघडी पडतात आणि कावळ्याला दिसतात. पडदा लावून ठेवा, झाडांना पाणी मादी घरट्यापासून दूर गेली असताना झटपट घाला.